आठवी कळी

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ डिसेंबर २०२४

चन्नम्मा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस. नाजनीनच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच कट केलास. बिचारी माझी सून तुझी काय गुन्हेगार? पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तू गेलीस म्हणून आपला कारखाना बसला असेल, असं अक्कलकोटात बसून तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. सहाच्या सहा मशिनी चालू आहेत. तुझ्या खिडकीजवळच्या मशिनवर राजनंदिनी बसते. तुझ्याइतका वेग नाही तिला, पण ऐकते.

आता मूळ गोष्ट. शाळेचे युनिफॉर्म शिवणारी सायराबानू सध्या सैन्यासाठी शिवते. हस आधी, मग पुढे वाच.

पुण्याची एक कंपनी आहे. ती टेहळणीची छोटी ड्रोन बनवते. लग्नात डोक्यावर घोंघावतात तसली चार पंख्यांची नव्हेत. ही विमानासारखी, दोन पंखांची, हलकीफुलकी, दोन-अडीच किलोची. सुटी केली की पाठीवरच्या पिशवीत मावतात. जवान ते जोडतो, चार पावलं पळतो आणि हातानेच हवेत फेकतो. बाकी मग त्याचं ते उडतं. पोटाखाली कॅमेरा असतो, तो टेकडीपलीकडे कोण दडलंय ते इकडे दाखवतो. काम झालं की ड्रोन परत येतं, मोटर थांबते, पाठीवरचं झाकण उघडतं आणि आतून पॅराशूट निघतं. ते पॅराशूट आपण शिवतो. साठ नगांची ऑर्डर आहे.

पॅराशूट म्हटल्यावर मीही आधी घाबरले होते. टेबलावर पसरलं आणि बघते तर काय, वर निमुळत्या, खाली रुंद आठ कळ्यांचा परकर! वर कमरेच्या जागी भोक, खाली घेर, घेराला नाडीऐवजी आठ दोऱ्या. कापड मात्र छत्रीच्या कापडाहूनही पातळ. आमचे हे तर मला चिडवतच राहिलेत, "अब हवाई जहाज को बी घागरा पिनाती क्या गे?"

ऑर्डर आणणारा इंजिनियर मोडनिंबचा आहे, शिवराज नाव. सोलापुरात मामाकडे राहून शिकला आणि आपलाच युनिफॉर्म घालायचा. म्हणतो, "चाची, एक पँट मी तीन वर्षं वापरली. दर जूनमध्ये आई उसवून मोठी करायची." आपली ख्यातीच ती. सायराबानूच्या कापणीत आत अर्धा इंच जास्तीचा असतोच, पोरं वाढली की उसवायला. शिवराजला ते अजून आठवतंय.

राहिला त्या चारशे स्कर्टांचा विषय. तो मी सोडून दिलाय. माणसाचा हात एखाद्या वर्षी वाकडा पडतो. मी चारचौघांत बोलले, थोडं जास्त बोलले असेन, पण चारशे स्कर्ट शाळेने परत पाठवल्यावर मास्टरने काय आरती ओवाळायची? तू माफी मागितलीस तर मी ऐकून घेईन. माझं मन मोठं आहे.

सायराबानू


२२ डिसेंबर २०२४

चन्नम्मा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं. पत्र परत आलं नाही, एवढंही मला पुरे.

आपला नमुना पास झाला. एकच पॅराशूट होतं ते. नाजनीनने पट्टी धरली, मी खुणा केल्या, दिवसभर दोघी त्यावर बसलो होतो. ते पास झाल्यावर उरलेली मी माझ्या हाताने भराभर कापली. पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडू फिरवायचा, कात्री चालवायची. बावीस वर्षं तेच करतेय. बारा दिवसांत साठ कापून झाली आणि पोरींनी शिवलीही. त्यांतली अठरा ड्रोनांबरोबर पुढे गेली. कुठे ते मला सांगत नाहीत, आणि मी विचारतही नाही. बर्फ असतो म्हणे तिथे.

परवा शिवराजने मला मोडनिंबला नेलं. त्यांच्या घरच्या माळावर चाचणी होती. ड्रोन फेकायला जोतीराम म्हणून जेऊरचे एक रिटायर हवालदार आहेत. पन्नाशीचे, अंगाने सुकी खारीक. हातात ड्रोन घेतलं, चार ढांगा पळाले आणि अशा अलगद हाताने सोडलं की बघतच राहावं. दहा मिनिटांनी ते परत आलं, झाकण उघडलं, आपलं पॅराशूट फुललं. नारिंगी रंग आहे. आभाळात काय दिसलं म्हणून सांगू! मी टाळ्याच वाजवल्या.

मग ते गरागरा फिरायला लागलं. फिरत फिरत, एका अंगाला झुकत, माळ सोडून पलीकडच्या ज्वारीत जाऊन पडलं. दुसरं पॅराशूट लावून बघितलं, तेही तसंच. तिसरं जरा बरं उतरलं.

जोतीराम ज्वारीतून ड्रोन घेऊन आले ते घामाघूम होऊन. मी म्हटलं, "भाऊ, थोडं लांब पडलं तर एवढं काय?" ते आधी पाणी प्यायले, मग म्हणाले, "भाभी, हितं ज्वारी हाय म्हणून काय न्हाय. तितं ही वस्तू जितं पडंल तितं एका पोराला जावं लागतंय आणायला. टाकून येता येत न्हाय. आन पलीकडनं बघणारा बी बसलेला असतोय की. पायाशी पडलं तर पोरगं आडोसा सोडत न्हाय. शंभर पावलं लांब पडलं, तर शंभर पावलं उघड्यावर."

मी सांगितलं, वारा होता. वारा होताच. शिवराज दोऱ्या तपासतोय, घडी कशी घालतात ते तपासतोय. मला एकदाच विचारलं, "चाची, शिलाईत काही?" मी म्हटलं, माझी कापणी फर्म्याबरहुकूम आहे, वाटल्यास लिहून देते.

प्रभुलिंगच्या वडापातून एक पॅराशूट तुझ्याकडे पाठवतेय. त्याची जीप रोज तुझ्या दारावरून जाते, त्याला काही त्रास नाही. दोष काढायला पाठवत नाही हं. सोलापुरात काय दर्जाचं काम चाललंय ते तुला दिसावं, एवढ्यासाठीच.

सायराबानू


३ जानेवारी २०२५

चन्नम्मा,

सैन्याची वस्तू उसवलीस! बाई, तुझी हिंमत तरी केवढी!

प्रभुलिंग संध्याकाळी पार्सल घेऊन आला. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "काय बी न्हाय. बसा म्हणाल्या, च्या दिला, शेंगाची पोळी दिली. निघताना म्हणाल्या, तिला मोजायला सांग." मी विचारलं, चिठ्ठी? तर म्हणाला, "न्हाय. पिशवीच दिली फकस्त."

पिशवी उघडली. आठव्या कळीची दोन्हीकडची शिवण उसवलेली. कळी एका अंगाने वरपासून खालपर्यंत तासून पुन्हा जागेवर शिवलेली. आणि तासलेली चिंधी, वर टोकदार, खाली अर्धा इंच रुंद, सेफ्टी पिनने घेराला टाचलेली. म्हणजे तू न बोलताही बोलतेसच की.

मी मोजणार नाही. बावीस वर्षं मी कापते आणि तू शिवतेस. कापणाऱ्याला शिवणाऱ्याने शहाणपण शिकवायचं, असं सोलापुरातल्या कुठल्या कारखान्यात चालतं सांग. तुझं पार्सल मी कपाटावर टाकून दिलंय.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, राग थंड व्हायच्या आत.

सायराबानू


५ जानेवारी २०२५

चन्नम्मा,

मोजलं.

काल पहाटे उठून मोजलं, घरातलं कुणी जागं व्हायच्या आत. सात कळ्या एकीसारखी एक. तू तासलेली आठवी आता त्यांच्याबरोबरीची, आणि चिंधी जोडून धरली की खाली अर्धा इंच जास्त. मला वाटलं, हीच एक तशी असेल. मग कारखान्यात असलेली सगळी काढली. एकेचाळीस आहेत. एकेचाळीसच्या एकेचाळीस पॅराशूटांत आठवी कळी अर्धा इंच जास्त. पोरींनी ती ओढूनताणून बसवलीय, म्हणून त्या बाजूला फुगा येतो. फुगा आला की फिरणारच.

तरी मला पटेना. मी नाजनीनला म्हटलं, तू स्टुलावर उभी राहा आणि मी कापते त्याचा वरून व्हिडिओ काढ. तिने काढला. मग दोघींनी बसून बघितला. पहिल्या सात कळ्यांना माझा अंगठा फर्म्याच्या कडेला टेकून चालतो. आठवी आली की अंगठा आपोआप बाहेर सरकतो आणि खडू त्याच्या बाहेरून फिरतो. मी तेव्हा फर्म्याकडे बघतसुद्धा नाही, दाराकडे बघून राजनंदिनीशी बोलतेय. नाजनीनने ते तीनदा मागे घेऊन दाखवलं. म्हणाली, "अम्मी, तुमचा हात पोरांसाठी मार्जिन ठेवतोय." शेवटच्या कळीत उसवायला जागा ठेवायची, ही माझ्या अब्बांची शिकवण. विमान वाढत नाही, हे हाताला कोण सांगणार?

तर आता त्या चारशे स्कर्टांबद्दल लिहिते. हे लिहायला मी दोन वेळा उठून पाणी प्यायले.

त्या वर्षी शाळेने नवा नमुना दिला होता आणि मार्जिन नको, अंगाबरोबर हवं, असं सांगितलं होतं. मी तुला म्हटलं, फर्म्याबरहुकूम कापलंय, कडेकडेने शिव, एक सूतही आत घेऊ नकोस. तू दुसऱ्याच दिवशी टेबलाशी आलीस आणि हळूच म्हणालीस, "अक्का, शेवटची कळी जास्त येतीय. एकदा मोजून बघ की." मी मोजलं नाही. तुला म्हटलं, शिवायचं काम कर. तू शिवलंस, मी सांगितलं तसं. चारशे स्कर्ट एका बाजूला लोंबले. शाळेचे क्लार्क आले, तीन व्यापारी बसलेले होते, सगळ्या पोरी होत्या. मी म्हटलं, "हिचा हात वाकडा पडला. वयच झालं हिचं." तू खाली बघितलंस. तू मला तेव्हा क्लार्कसमोर खोटं पाडू शकली असतीस. तू फक्त डबा उचललास आणि गेलीस.

आणि त्याआधीची वीस वर्षं? प्रत्येक युनिफॉर्ममध्ये तू माझा जास्तीचा अर्धा इंच शिवणीत आत घेत राहिलीस. पोरांना उसवायला जागा मिळाली आणि नाव झालं सायराबानूच्या कापणीचं. व्यापाऱ्यांनी नंतर तुला सोलापुरात काम दिलं नाही, म्हणून तू माहेरी जाऊन ब्लाउज शिवत बसलीस. हे मला माहीत होतं. प्रभुलिंगने केव्हाच सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं.

मला लाज वाटते, चन्नम्मा. याहून सोपा शब्द मला सापडत नाही.

पण आता एक काम लाजेहून मोठं आहे. अठरा पॅराशूट पुढे गेलीत. जोतीरामभाऊंची ती शंभर पावलं माझ्या डोक्यातून जात नाहीत. हे पत्र प्रभुलिंगच्या हाती दिलं की मी शिवराजला फोन करणार. ऑर्डर जाईल. पुढे कदाचित कुणीच विचारणार नाही, सोलापुरात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? तरी सांगणार. अठरांपैकी एकाचीही घडी उघडायच्या आत सांगितलं पाहिजे.

सोबत नव्याने कापलेल्या कळ्या पाठवतेय, अठरा पॅराशूटांच्या, आणि उरलेलं कापडही. अंगठ्याला चिकटपट्टी लावून कापल्यात, तरी माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. बघाव्याशा वाटल्या तर बघ. नाही वाटल्या तर प्रभुलिंगला उपाशी पाठवू नकोस.

सायराबानू


१७ जानेवारी २०२५

चन्नम्मा,

आधी शिवराजचं सांगते. फोनवर मी एका दमात सगळं बोलून टाकलं. तो म्हणाला, "चाची, मी निरोप पाठवतो, मग बोलू." दोन तासांनी त्याचा फोन आला. सतरा पेटीतच होती. एक उडवलं होतं, तीन दिवसांपूर्वी.

ते दोनशे पावलं लांब पडलं. एक जवान आणायला गेला. अंधार होईपर्यंत त्याला एका दगडामागे पडून राहावं लागलं, मग परत आला. सुखरूप आला. ड्रोन घेऊनच आला. शिवराजने नाव सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. तो मुलगा कुणाचा, कुठला, त्याला कधी कळणारही नाही की शुक्रवार पेठेतल्या एका म्हातारीच्या अंगठ्यामुळे तो तिथे पडला होता.

कंपनीने बारा दिवसांत अठरा नवी मागितली. बाकीचं मग बघू म्हणाले. मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या तिन्ही व्यापाऱ्यांना आणि शाळेच्या क्लार्कला चहाला बोलावलं. सगळ्या पोरींना मशिनी बंद करायला लावल्या. उभी राहिले आणि सांगितलं, चारशे स्कर्ट मी बिघडवले होते. चन्नम्माने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर तिच्यावरच ढकललं. क्लार्क बिचारे गोंधळले. म्हणाले, "बाई, दीड वर्षानं आता कशाला उकरताय?" मी म्हटलं, तुमच्या देखत बोलले होते की, मग तुमच्या देखतच मागे घ्यायला नको? एक व्यापारी म्हणाला, तुमचा मोठेपणा आहे. मी त्याला म्हटलं, मोठेपणा कसला, चहा प्या आणि तिला काम द्यायचं बंद केलंत ते चूक होतं एवढं लक्षात ठेवा. राजनंदिनी रडली. तिला तू शिकवलंस, ती माझ्यावर रुसली असणार. तिचा हक्क आहे.

आणि तू! पहिलं पार्सल तू प्रभुलिंगकडून परत पाठवलंस, तेव्हा अकरा कळ्यांवर खडूच्या रेघा होत्या. मी त्या रेघांवरून तासल्या. दुसऱ्या पार्सलात चार कळ्यांवर. तिसऱ्यात एकीवरही नाही. प्रभुलिंग म्हणतो, "आवं, वडाप हाय का कुरियर? सीटा बसवायला जागा न्हाय ऱ्हायली!" पण नाही म्हणत नाही, कारण तुझ्याकडची शेंगाची पोळी त्याला लागलीय.

चिठ्ठी एकदाही नव्हती. मी प्रत्येक पिशवी झटकून बघितली.

दुसऱ्या पार्सलातल्या तीन कळ्या मात्र माझ्या नव्हत्या. तू उरलेल्या कापडातून नव्याने कापल्या होत्यास. मी त्या फर्म्यावर ठेवल्या, पट्टी लावली, भिंग लावून बघितलं. केसाचा फरक नाही. फर्मा तर तुझ्याकडे नव्हताच. तू माझ्याच सात बरोबर कळ्यांवरून कापलंस ना? बावीस वर्षं तू माझ्या शेजारी बसलीस आणि मी तुला एकदाही टेबलाला हात लावू दिला नाही. मास्टर मी. कात्री माझी. तुला कापता येतं की नाही, हे विचारायचंही माझ्या मनात आलं नाही.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला तू आली होतीस, हे मला कळलं. आपल्या चौकापर्यंत आलीस, पानाच्या दुकानाशी थांबलीस आणि वळलीस. मी वर खिडकीतच होते. हाक मारली नाही. तोंड नव्हतं म्हणून नाही, मला तोंड चिक्कार आहे. तू आपल्या पायांनी वळलीस, तर ते तुझं तू ठरवलंस, असं स्वतःला सांगितलं.

अठराच्या अठरा आज गेली.

सायराबानू


५ फेब्रुवारी २०२५

चन्नम्मा,

परवा मोडनिंबला गेलो होतो. कंपनीचे दोन साहेब होते, शिवराज होता, जोतीरामभाऊ होते. कारखान्यातल्या एकेचाळिसांना मी उसवून, आठवी कळी तासून, पोरींकडून पुन्हा शिवून घेतलं होतं. त्यांतली पाच चाचणीला काढली. कुठली, ते साहेबांनीच निवडलं.

पहिलं जोतीरामभाऊंनी फेकलं. ते गेलं, फिरलं, परत आलं, झाकण उघडलं. मी डोळे मिटले होते, खरं सांगते. जोतीरामभाऊ ओरडले, "भाभी, डोळं उगडा! बघा की!" उघडले तर ते सरळ उतरत होतं, हलत ना डुलत. त्यांना फक्त तीन पावलं चालावं लागलं. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच.

पाचवं त्यांनी माझ्या हातात दिलं. "फेका भाभी. वर नगा बघू, समोर बघा, आन सोडताना हात ओढू नगा." मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि पळाले. चार म्हणता सात पावलं पळाले, शिवराज हसून हसून खाली बसला. पण सोडलं ते बरोबर सोडलं. माझ्या हातातून ते निघालं तेव्हा तळव्याला त्याची थरथर लागली आणि पुढच्या क्षणी हात रिकामा. दहा मिनिटांनी ते माझ्याजवळ उतरलं. मी जागची हलले नाही, फक्त वाकले आणि उचललं. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर. साहेबांना वाटलं आनंदाने रडतेय. थोडा आनंदही होता, नाही कशाला म्हणू? पण तू तिथे असायला हवी होतीस, हे जास्त होतं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "दोष पकडला कोणी?" मी म्हटलं, अक्कलकोटच्या चन्नम्माने. ते म्हणाले, त्या तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं, आता काहीच नाही, मीच घालवलं तिला.

वाटलं होतं, नमस्कार करून घरी पाठवतील. त्यांनी तीनशेची ऑर्डर दिली. म्हणाले, आपली चूक आपण होऊन सांगणारे फार भेटत नाहीत. पण एक नवा नियम घातलाय, आणि तो मला पटला. प्रत्येक पॅराशूटच्या घडीत आता एक कार्ड जाणार. त्यावर कापणाऱ्याचं नाव, शिवणाऱ्याचं नाव. ते उघडणारा जवान जिथे असेल तिथे त्याला ती दोन नावं दिसणार.

काल शिवराज कार्डांचा गठ्ठा आणि करारनामा घेऊन कारखान्यात आला. म्हणाला, "चाची, कापणाऱ्याची सही इथं." मी पेन उघडलं. मग बंद केलं आणि म्हटलं, "थांब रे, कापणारीला विचारून सांगते." तो म्हणाला, "म्हणजे? तुम्ही नाही?" मी म्हटलं, मी शिवणार. सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

तर विचारतेय. मशिनवर मी बसले, खिडकीजवळच्या नव्हे, ती राजनंदिनीची, दाराजवळच्या. काल दिवसभर सराव केला, टाका अजून नागमोडी येतोय, पोरी तोंड फिरवून हसतात. टेबल मोकळं केलंय. माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुला जमेल तेव्हा, नाही जमलं तर नाही. हे कामाचं विचारतेय, आणि ज्यांच्या पायाशी ती पॅराशूट उतरायला हवीत, त्यांच्यासाठी विचारतेय. माझी शिवण वाकडी गेली तर सगळ्यांदेखत सांग, हळू बोलायची गरज नाही.

कापशील?

तुझी
सायराबानू